एका नवकाराएवढं गप्प

जागृतीला गप्प बसायचं शिक्षण घ्यावं लागलं यात नवल काहीच नाही. पण ते घ्यायला ती फी भरून कॉलेजात गेली, याचं तिच्या आजोबांना फार हसू यायचं. जवरीलालजींचं नारायणगावच्या पेठेत कापडाचं दुकान. तिथं सगळा प्रपंच बोलण्यावरच उभा. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत 'या वहिनी, बसा, पाणी घ्या' झालंच पाहिजे, आणि खणाचं कापड बघायला आलेल्या बाईच्या हातात जाताना साडीची पिशवी असलीच पाहिजे. जागृती त्या गाद्यांवर लोळत मोठी झालेली. समोरचं माणूस क्षणभर थांबलं तरी तिच्या जिवाला चैन पडत नसे. आणि ही पोर एम.ए.ला समाजशास्त्र घेऊन बसली, तर तिथं भरत सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "आधी तोंड बंद ठेवायला शिका."

विषयाचं नाव 'सामाजिक संशोधन पद्धती'. पोरं त्याला नुसतं 'पद्धती' म्हणायची आणि त्यात हमखास नापास व्हायची. भरत सर मात्र जीव ओतून शिकवायचे. नमुना कसा निवडायचा, परवानगी कशी घ्यायची, लोकांची नावं कशी झाकायची, सगळं. पण त्यांचा खरा जीव मुलाखतीत. "समोरचा बोलायचा थांबला की आपण लगेच बोलायचं नाही," ते सांगायचे. "अरेरे नाही, अगं बाई नाही, बरोबर आहे नाही, चूक आहे तर मुळीच नाही. माणसाला तुमचं मत कळलं ना, की तो तुम्हाला बरं वाटेल तेच सांगतो. थांबा. माणूस खरं काय ते त्या शांततेनंतर सांगतो. आणि त्यानं तुम्हालाच प्रश्न विचारला, तर त्याचा प्रश्न त्याला परत द्या. तुम्हाला काय वाटतं, असं म्हणा."

वर्गात जोड्या लावून सराव झाला. जागृतीचा पार बोऱ्या वाजला. जोडीदारीण सांगायला लागली, की तिचा भाऊ दहावीला नापास झाला, आणि ही लगेच, "अगं आई गं! मग? मारलं का घरच्यांनी?" सगळा वर्ग हसला. सरही हसले. पण जागृती हट्टी. हसलेलं तिला सहन होत नाही.

युक्ती तिला घरातच सापडली. तिची दादी कंचनबाई रोज सकाळी माळ घेऊन जैनांचा नवकार मंत्र मोजत बसायची. ते बघताना जागृतीच्या डोक्यात आलं, की समोरचं माणूस थांबलं की मनातल्या मनात एक नवकार म्हणायचा. तो पुरा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. करून बघितलं, आणि काय सांगावं, जमलं की! पुढच्या सरावात सर म्हणाले, "शाब्बास." दादीला सांगितलं तेव्हा ती माळ मांडीवर ठेवून म्हणाली, "नवकार काय घड्याळ आहे का गं तुझं?" जागृतीनं तिच्या गालाला हात लावला आणि पळाली.

तिचा प्रबंधाचा विषय होता खेड्यातली बाळंतपणं. दवाखान्यात कधी जायचं, कसं जायचं, हे घरात कोण ठरवतं? प्रश्न लिहून तिनं सरांना दाखवले. त्यात एक होता, 'दवाखान्यात न्यायला उशीर का झाला?' सरांनी त्यावर काट मारली.

"उशीर झाला हे तुला कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "विचारतानाच तू त्या बाईला गुन्हेगार केलंस. 'त्या दिवशी काय काय झालं ते सांगाल का?' एवढंच विचार."

जागृतीला ते पटलं. खरंच पटलं. शब्द कसा जपून वापरायचा असतो हे तिला त्या दिवशी कळलं, आणि आपण आता कुणाला दुखावणार नाही अशी तिची खात्रीच झाली.

पिंपळवंडीच्या कुशाबाईंचं नाव दादीनं सुचवलं. कुशाबाई आणि सयाजीबाबा दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या धाकट्या लेकीचा, वनिताचा, बस्ता याच दुकानात बांधला होता. ती वनिता पहिल्याच बाळंतपणात गेली. मागं राहिलेली मुलगी आता सहा वर्षांची, श्रेया नाव. आजीजवळच वाढत होती. "जा, पण जपून बोल," दादी म्हणाली. "फार सोसलंय तिनं."

फेब्रुवारीतली सकाळ होती. गावाबाहेर मळ्यात घर, पुढं सारवलेला ओटा. कुशाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात श्रेया. वेणी घालणं चाललं होतं.

"जवरीशेठची नात न्हवं तू? ये बाय, बस. आमच्या वनीचा बस्ता तुमच्यातच झाला. पिवळ्या शालूसाठी आडून बसली व्हती बघ. तुझ्या दादीनं मग आतनं गाठोडं सोडून काढून दिला."

जागृतीनं शिकवल्याप्रमाणं सगळं सांगितलं. नाव कुठंही येणार नाही. नको वाटलं तर सांगू नका, मध्येच थांबलात तरी चालेल.

"नाव आलं तरी काय व्हनारे?" कुशाबाई म्हणाल्या. "समद्या गावाला ठावं हाये. पन इचारलं कुनी न्हाई आजवर. तू पयलीच."

फोनवर रेकॉर्डिंग लावून तो तिनं ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "त्या दिवशी काय काय झालं ते सांगाल का?"

कुशाबाईंनी सांगितलं. हात चालूच होते, केसांचे तीन पेड एकावर एक पडत होते.

"दिस मावळायला कळा सुरू झाल्या. वनी म्हनली, आई, दवाखान्यात चल. मी म्हनलं, पयलटकरनीला येळ लागतो गं. मला चार झाली, चारी बी रातरात काढून झाली. म्हनलं, पाटं टमाट्याचा टेम्पो जानारच हाये बाजाराला, त्यातच जाऊ. आत्ता कुनाला तरास द्यायचा? च्या पाजला तिला. कंबर चोळली. मदीच तिनं माजा हात धरला. म्हनली, आई, मला बरं वाटंना. मी म्हनलं, बाळतपन हाये बाय, बरं कसं वाटंल? हसले बी मी."

"आज्जे, हळू ओढ की. दुखतंय," श्रेया म्हणाली.

"ऱ्हा गप. झालीच."

जागृतीनं फोन चालू आहे ना ते पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"टेम्पोत क्रेटं सारून तिला निजवली," कुशाबाई पुढं म्हणाल्या. "ही पोर दवाखान्यात झाली. आन् वनीचं रगात थांबलंच न्हाई. आदी नेली असती तर थांबलं असतं का, त्ये मी डाक्टरला इचारलं न्हाई. कुनीच इचारलं न्हाई. कोनत्या तोंडानं इचारनार?"

"आज्जे, शेळीनं बघ तुझी चुंबळ तोंडात धरली!"

"धरू दे." मग कुशाबाईंचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदा सरळ जागृतीकडं पाहिलं. "तू शिकल्याली हाईस. इतक्या बायांना इचारून आलीस. तुला ठावं आसंल. तू सांग. माजं चुकलं का गं?"

आता आपल्याकडं अशा वेळी काय म्हणायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दहाव्याला आलेला लांबचा पाहुणासुद्धा म्हणतो, 'तुमचं काय चुकलं हो, तिचं आयुष्यच तेवढं होतं.' ते खरं की खोटं कुणी तपासत बसत नाही. उन्हातून आलेल्या माणसापुढं पाण्याचा तांब्या करावा, तसं ते वाक्य पुढं करायचं असतं. जागृतीच्या जिभेवर ते आलेलंच होतं. ती पेठेतली पोर, तिला काय शिकवायला हवं होतं? पण ओट्यावर फोन होता, त्यावरचे आकडे पळत होते, आणि भरत सरांचं 'तर मुळीच नाही' तिच्या कानात होतं. पटकन बोलून सगळी मुलाखत वाया घालवणारी जागृती तिला आता व्हायचं नव्हतं.

तिनं नजर खाली केली आणि मनात नवकार म्हणायला घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. कुशाबाई वाट पाहत राहिल्या. श्रेया कसलंसं शाळेतलं गाणं नाकातल्या नाकात गुणगुणत होती. नवकार पुरा झाला तेव्हा जागृतीनं मान वर केली आणि अगदी हळू, अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

कुशाबाईंनी तिच्याकडं आणखी थोडं पाहिलं.

"मला व्हय?" त्या म्हणाल्या. "चुकलंच आसंल."

मग त्यांनी वेणीच्या टोकाला रिबीन बांधली आणि पोरीच्या पाठीवर थाप दिली. "झाली गं. ऊठ."

जागृतीनं रेकॉर्डिंग बंद केलं, लिंबाचं सरबत प्यायलं, 'थँक्यू आजी' म्हणाली आणि स्कूटीवर बसून निघाली. वाटेत तिला रडू येत होतं आणि आनंदही झाला होता. हो, आनंदच. लपवून काय उपयोग? अशी मुलाखत वर्गात कुणालाच मिळाली नव्हती.

संध्याकाळी तिनं दादीला थोडंसं सांगितलं. मुलाखतीतलं गुपित बाहेर सांगू नये हा नियम तिला माहीत होता, पण दादीला सगळं आधीच ठाऊक होतं.

"मग तू काय म्हणालीस?" दादीनं विचारलं.

"मी काहीच म्हणायचं नसतं, दादी. तीच तर पद्धत आहे."

"काहीच नाही? तुमचं काही चुकलं नाही, एवढंसुद्धा नाही?"

"नाही."

दादीनं माळ हातात घेतली, खाली ठेवली. "बाई गं," ती म्हणाली, "एवढं तरी म्हणायचं असतं." जागृतीला राग आला. जुन्या लोकांना संशोधन कळत नाही, असं तिनं मनाशी म्हटलं आणि ती आत निघून गेली.

मग तिनं ती मुलाखत ऐकून ऐकून कागदावर उतरवली. कुशाबाईंचा शब्द न् शब्द लिहिला. त्यांच्या नावाच्या जागी 'उत्तरदाती क्रमांक सात' आलं. श्रेया जिथं जिथं बोलली होती तिथं तिनं कंसात 'व्यत्यय' असं लिहिलं, कारण तसंच लिहायचं असतं. आणि त्या मोठ्या शांततेच्या जागी लिहिलं, 'दीर्घ विराम'.

भरत सरांनी ती पानं वर्गात वाचून दाखवली. "बघा," ते म्हणाले, "एकही सूचक प्रश्न नाही. आणि हा विराम बघा. या विरामाला धीर लागतो." जागृतीचे कान गरम झाले. ती अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढली म्हणा ना. तास संपल्यावर सरांनी तिला थांबवलं.

"रेकॉर्डिंग बंद केल्यावर काय बोललीस त्यांच्याशी?"

"थँक्यू म्हणाले, सर."

"बस?"

"सरबत घेतलं. मग निघाले."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले. "ती पद्धत मुलाखतीपुरती असते, जागृती," ते म्हणाले. "फोन बंद झाला की आपण माणसंच असतो. हे मी वर्गात सांगायला हवं होतं. तू परत जाऊन ये. लिहिलेलं त्यांना वाचून दाखव, तेही पद्धतीत बसतं. आणि जरा बस त्यांच्याजवळ."

तिनं लगेच जायला हवं होतं. पण लग्नसराई सुरू झाली होती. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आजोबांचे गुडघे दुखतात, बस्त्याला आलेली माणसं गाद्यांवर ठाण मांडून बसलेली. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पाडवा झाला, अक्षय तृतीया झाली. शेवटी मे महिन्यात एक दिवस दादीनंच तिला दुकानातून उठवलं. फुलाफुलांचं फ्रॉकचं कापड पिशवीत घालून दिलं. "पोरीला दे," दादी म्हणाली, "आणि म्हणायचं राहिलंय ते म्हणून ये."

ओटा तसाच सारवलेला होता. कुशाबाई तिथंच बसल्या होत्या, पण हातात काहीच नव्हतं. सयाजीबाबा खांबाला टेकून होते. जागृतीला बघून कुशाबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आलीस? ये. मी ह्येंना म्हनतच व्हते, ती पोरगी येनार."

"मी लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवायचंय, आजी. श्रेया कुठंय? दादीनं तिला फ्रॉकला कापड दिलंय."

सयाजीबाबा उठले आणि गोठ्याकडं गेले. कुशाबाईंनी कापड हातात घेतलं, उलगडलं, पुन्हा घडी घातली. "ठिवते. सोपान आला की देईन त्याच्यापाशी."

सोपान म्हणजे त्यांचा जावई, श्रेयाचा बाप. पारगावला राहायचा, कारखान्यात कामाला होता. वनिता गेल्यावर त्यानं दुसरं लग्न केलं होतं.

"श्रेया पारगावला गेलीय? सुट्टीला?"

"सुट्टीला न्हाई. कायमचीच धाडली. आता जूनपास्नं शाळा बी तिथलीच."

"का, आजी?"

"सोपान लई दिसाचा मागं लागला व्हता," कुशाबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, बाजारहाट सांगावा तसा. "बायकू चांगली हाये त्याची, नावं ठिवायला जागा न्हाई. मीच सोडत नव्हते. मी म्हनायचे, वनीची पोर माज्याजवळच ऱ्हाईल, तिला माज्यावानी कोन बघनार? दर येळी त्याला हात हलवत माघारी धाडला. मग तू आलीस. तू गेल्यावर मी लई इचार केला. जिच्या हातनं पोरीची आई गेली, तिनं कोनत्या तोंडानं म्हनावं पोर माज्याकडंच ऱ्हाऊ द्या म्हनून?"

"आजी, पण मी..."

"न्हाई, ऐक की. आजवर समदी म्हनायची, कुशे, तुजं काय चुकलं. भावकी म्हनली, सोयरी म्हनली, ह्ये बी म्हनत्यात. म्हनायचंच आसतं गं त्ये, मी बी दुसऱ्यांस्नी म्हनते. त्याच्यावर दिस काढले मी. पन तू न्हाई म्हनलीस. तुला ठावं व्हतं, आन् तुला खोटं बोलवंना, म्हनून गप ऱ्हायलीस." कुशाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला राग न्हाई आला, बाय. तू एकलीच खरी वागलीस माज्याशी. बरं केलंस."

अहो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दोन शब्दांनी जागृतीचा जीव कासावीस झाला.

"आजी, तसं नव्हतं हो," ती म्हणाली. तिचं बोलणं अडखळायला लागलं, दुकानात जन्म काढलेल्या पोरीचं. "मला काही ठाऊक नव्हतं. आम्हाला शिकवतात. समोरच्यानं काही विचारलं तर आपण बोलायचं नाही. गप्प राहायचं."

"गप ऱ्हायला शिकवत्यात?"

"हो."

"कालिजात?"

"हो, आजी. मी मनात नवकार म्हणत होते. वेळ जावा म्हणून. माझ्या मनात होतं तुमचं चुकलं नाही म्हणायचं, तोंडावर आलं होतं. मी गिळलं."

कुशाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. मग मान हलवली. "आता मला बरं वाटावं म्हनून बोलतीस," त्या म्हणाल्या. "समद्यांसारकं."

"नाही हो, खरंच! श्रेयाला परत आणा, आजी. मी बोलते सोपानभाऊंशी. मी जाते पारगावला."

"आन् काय करू आनून?" कुशाबाईंचा आवाज पहिल्यांदा फाटला. "जाताना माज्या गळ्याला मिठी मारली ती सुटंना. सोपाननं येकयेक बोट सोडवलं. आता तिथं करमाया लागलंय तिला. परवा ह्येंनी फोन लावला तर आलीच न्हाई फोनवर, खेळाया गेली म्हनं. आज आनायची, आन् उद्या पुन्यांदा तोडायची व्हय पोराला? आमी आता किती दिसांचं?"

जागृती रडायला लागली. कुशाबाईंनीच तिला पाणी दिलं आणि आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले.

"गप. गप, बाय. काय वाचून दावायचं म्हनलीस ना? दाव. येवढी लांबनं आलीस."

काय करावं ते न सुचून जागृतीनं कागद काढले आणि वाचायला लागली. कळा, चहा, टेम्पो. कुशाबाई कानात प्राण आणून ऐकत होत्या. 'हसले बी मी' नंतर जागृती पुढचा कंस गाळून टेम्पोतल्या क्रेटांवर गेली, आणि कुशाबाईंनी तिला अडवलं.

"हितं श्रेया बोलली व्हती की. हळू ओढ म्हनली व्हती. त्ये कुठंय?"

"ते लिहिलं नाही, आजी."

"का?"

"विषयाचं नव्हतं म्हणून." मग तिला तसं खोटं सांगवेना. "तिथं व्यत्यय असं लिहिलंय. म्हणजे मध्येच कुणीतरी अडथळा आणला, असं."

"अडथळा," कुशाबाई म्हणाल्या. त्यांनी त्या कागदावर बोट फिरवलं, जिथं त्यांना वाटलं तिथं. मग एकदम त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "पन तुज्या फोनमदी आसंल की तिचा आवाज! त्या दिशी समदं धरलं व्हतं न्हवं फोननं? हाये का आजून?"

प्रबंध दिल्यावर रेकॉर्डिंग पुसून टाकायचं असतं. प्रबंध अजून दिलेला नव्हता. जागृतीनं फोन काढला, मधलं थोडं पुढं ढकललं आणि आवाज मोठा केला.

'आज्जे, हळू ओढ की. दुखतंय.'

कुशाबाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. गोठ्यातून सयाजीबाबा बाहेर आले आणि अंगणातच उभे राहिले. फोन बोलत होता. टेम्पो, दवाखाना, रगात. ते कुणीच ऐकत नव्हतं. 'आज्जे, शेळीनं बघ तुझी चुंबळ तोंडात धरली!' आलं तेव्हा कुशाबाई हसल्या, आणि त्यांचे हात तोंडावरून खाली आले. मांडीवर आल्यावर ते हात हलायला लागले. एक पेड उजवीकडून, एक डावीकडून, एक मधून. पुढ्यात कुणी नव्हतं, तरी वेणी चालली होती.

मग फोनमधली कुशाबाई म्हणाली, 'तू सांग. माजं चुकलं का गं?'

जागृतीनं झडप घालून फोन बंद करायला हात पुढं केला. कुशाबाईंनी तो हात धरला.

"ऱ्हाऊ दे. पोरगी गुनगुनतीय."

खरंच गुणगुणत होती. त्या शांततेत दुसरं काहीच नव्हतं, शाळेतलं ते गाणं तेवढं, नाकातल्या नाकात. आणि जागृतीच्या मनात नकळत नवकार सुरू झाला. त्या दिवशी याच वेळात केवढं काही बोलता आलं असतं! शांतता सरत नव्हती. एक म्हातारी बाई वाट पाहत होती, तेव्हाही आणि आत्ताही, आणि जागृतीला ते सहन होईना.

"नाही आजी," ती मोठ्यानं म्हणाली, "नाही चुकलं तुमचं. काही चुकलं नाही..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोनमधून तिचाच आवाज आला, अगदी हळू, अगदी मऊ, शिकवलेला.

'तुम्हाला काय वाटतं?'

कुशाबाई फोनकडं पाहत होत्या. जागृतीकडं त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. फोनमधल्या आवाजाला त्यांनी मान डोलावली, आणि तिकडं त्यांचा आवाज म्हणाला, 'मला व्हय? चुकलंच आसंल.' मग पाठीवरची थाप ऐकू आली, 'झाली गं, ऊठ' ऐकू आलं, आणि लहान पायांनी अंगणात धूम ठोकलेली ऐकू आली.

"मागं घे, बाय," कुशाबाई म्हणाल्या. "ती हळू ओढ म्हनती तितपत मागं घे."

जागृतीनं मागं घेतलं.